दोन तासांची सुटका

सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करून वनमाला पार पिचून गेली होती. आठवड्यातून दोन तास तरी घराबाहेर पडावं, म्हणून पंच्याऐंशी साली ती अंधेरीच्या सेवा क्लबात शिरली. फॉर्मात 'घरी कोणी आजारी?' असा रकाना होता, तोही तिने इमानाने भरला.

पहिल्याच मंगळवारी क्लबाने काम दिलं: मरोळच्या कार्मेनबाईंच्या आजारी सासूपाशी दोन तास बसायचं. वनमालाने कपाळावर हात मारला, आपल्या सासूला शेजारणीवर सोपवलं आणि गेली.

दार कार्मेननेच उघडलं. खांद्याला पर्स, फ्रॉकवर क्लबाचा नवाकोरा बिल्ला.



"तू वनमाला ना? बस गं, म्हातारीला आत्ताच पेज भरवलीय. मी निघते, मला आज तुझ्या सासूकडे पाठवलंय."