वाक्यात उपयोग करा

"जानूला खाली गाडीत ठेवून आलेय," गंधाली म्हणाली. "सर्वेश आहे तिच्यासोबत. तुम्ही हो म्हणालात तर फोन करते, दोघं वर येतील. नाही म्हणालात तर पुन्हा त्रास देणार नाही. खरंच."

मुलुंडच्या त्या घरात विद्याधरराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. लग्न होऊन गेलेली लेक सात वर्षांनी समोर उभी होती आणि अजून न पाहिलेली नात खाली गाडीत. त्यांना वाटत होतं, उठावं, हिला जवळ घ्यावं, ज्याच्या लग्नाला आपण हट्टानं गेलो नाही त्या जावयालाही खिडकीतून हाक मारावी. आत सगळं उसळत होतं आणि चेहरा मात्र ढिम्म. पार्किन्सन्सनं तो पार गोठवून टाकला होता. डॉक्टर त्याला 'मास्क्ड फेस' म्हणत. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या सरांना हा एक शब्द म्हातारपणी शिकावा लागला होता.

"आ...ण," ते म्हणाले.

शब्द आला, पण कसा? दाराशी आलेल्या वाण्याच्या पोऱ्याला 'ठेव तिथे' म्हणावं तसा. आनंद, लाज, माफी, यातलं काहीच त्याच्याबरोबर बाहेर पडलं नाही.

गंधाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला नुसता होकार नको होता, आणि त्यात तिचं तरी काय चुकलं?

"तोंडदेखलं नको, बाबा. उपकार म्हणून तर नकोच."

"अहो ताई, आजारच आहे तसा," नर्सिंग ब्यूरोकडून त्यांची देखभाल करायला आलेली कमल मध्येच म्हणाली. "चेहरा हलत नाही काकांचा. मनात असतं हो सगळं."

"आजार आत्ताचा आहे, मावशी. हा चेहरा मी लहानपणापासून बघतेय." गंधाली हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "रोज सकाळी दुधाच्या कपाबरोबर एक इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायचे. एकदा आठवडाभर सगळे एकाच अर्थाचे. भावना न दाखवणाऱ्या माणसाला काय काय म्हणतात! स्टोइक, स्टॉलिड, इम्पॅसिव्ह, डेडपॅन. मग वाक्यात उपयोग करून दाखवायचा. मी म्हटलं, माय फादर इज इम्पॅसिव्ह. हे म्हणाले, बरोबर. पुढचा शब्द."

विद्याधररावांना ती सकाळ लख्ख आठवत होती. 'बरोबर' म्हणून ते स्वयंपाकघरात गेले होते आणि बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून, आवाज न करता, पोटभर हसले होते. पोरगी काय हुशार निघाली म्हणून. जयंती म्हणाली होती, "अहो, मग तिच्यासमोर हसा ना!" पण तसं केलं की मुलं शेफारतात, हे त्यांचं ठाम मत. आता हे सांगायला जयंती उरली नव्हती. आणि स्वतः सांगायचं तर एवढी वाक्यं तोंडातून निघायची कशी?

तरी त्यांनी जीव एकवटला. "हस...लो," एवढंच निघालं. "मी... हस..."

"काय हसण्यासारखं आहे यात?" गंधालीनं पर्स खांद्याला लावली. "बोरिवलीहून आरे कॉलनीतून येताना सबंध रस्ता जानू विचारत होती, आजोबा गोष्टी सांगतात का. या चेहऱ्यासमोर नाही मी तिला उभी करणार. मी उभी राहिले तेवढं पुरे झालं." बोलता बोलता ती दाराकडे वळली.

विद्याधररावांनी खुर्चीच्या हातांवर सगळा भार टाकला. पाय जागचे हलेनात. आणि मग डोळा भरून आला, पाणी गालावरून ओघळून हनुवटीपर्यंत गेलं.

दारात एका पायात चप्पल घातलेली गंधाली थबकली. "बाबा?" ती म्हणाली. लहानपणी अंधारात घाबरली की म्हणायची तशी. तिचा हात पर्समधल्या फोनकडे गेला.

"काही नाही ताई, घाबरू नका," कमल समजुतीच्या सुरात म्हणाली. "पापणी लवत नाही ना त्यांची, त्यानं पाणी येतं. दिवसभर असंच चाललेलं असतं. ड्रॉप घातले की थांबेल."

गंधालीनं हात पर्समधून बाहेर काढला. "बरं," ती म्हणाली. दुसरी चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं.

हे पाणी ते नव्हे, हे माझं आहे, असं विद्याधरराव आतल्या आत ओरडत होते. थोड्या वेळानं खाली गाडी सुरू झाली.

कमलनं त्यांचा गाल पुसला, मान मागे टेकवली, दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. "आता मिटा हं डोळे, काका."

ते मिटेनात. मग तिनंच दोन बोटांनी हळूच पापण्या खाली ओढल्या आणि क्षणभर तशाच धरून ठेवल्या.