प्रेमलताबाईंचा अंगठा

तिसऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं.

कृष्णकांत गाडीतून उतरले, हेल्मेट काखेत धरलं आणि ट्रॅकवरच्या अनिशच्या लॅपटॉपवर वाकून आकडा पुन्हा वाचला. एका फेरीला एक मिनिट बावीस सेकंद. ते स्वतःला एक मिनिट दहा सेकंदांच्या आत समजत होते. नुसते समजत नव्हते, तर गेले काही महिने ऑफिसात, नंदनवन कॉलनीतल्या सगळ्या शेजारपाजाऱ्यांना आणि एका लग्नाच्या पंगतीत वाट्या-चमचे मांडून त्यांनी हे समजावून सांगितलं होतं.

पन्नाशीत त्यांना गाडी पळवायचा नाद लागला होता. शहराबाहेरच्या एका खासगी ट्रॅकवर रविवारी सकाळी हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवता येत. तिथे शर्यत नसायची, फक्त आपल्या फेरीची वेळ कमी करत न्यायची. कृष्णकांतांची वेळ त्यांच्या पत्नी घेत. प्रेमलताबाई शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून त्या रेषेजवळ उभ्या राहायच्या आणि गाडी गेली की बटण दाबून आकडा सांगायच्या.

आकडा महिन्यागणिक उतरत गेला. त्याचं श्रेय कृष्णकांतांनी उशिरा ब्रेक लावायच्या आपल्या शैलीला दिलं. ट्रॅकवर नव्याने येणाऱ्या पोरांना ते ही शैली शिकवत. पोरं आदराने ऐकून घेत आणि ट्रॅकवर उतरल्यावर त्यांना मागे टाकून निघून जात. ती पोरं एक फेरी मागे असणार, म्हणूनच पुढे दिसतात, असं कृष्णकांतांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

मग त्यांच्या मनाने एक नवीनच शंका घेतली. प्रेमलताचा अंगठा जरा उशिरा पडतो. म्हणजे आपली खरी वेळ याहूनही कमी आहे. हे त्यांनी तिला सांगितलंही. उभं आयुष्य मुलींच्या शर्यतींची वेळ घेतलेल्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. यंत्रबिंत्र राहू द्या, मी आहे ना, एवढंच त्या म्हणाल्या.

कृष्णकांत मात्र यंत्र निवडायला बसले. आधी त्यांनी फोनवर एक ॲप घेतलं. त्याने एक बावीस दाखवलं. फोनला सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेलं जाड कव्हर होतं, त्यातून उपग्रहाला फोन सापडत नसणार, असा निष्कर्ष निघाला. मग रवींद्र नावाच्या मित्राकडून जीपीएसची डबी उसनी आणली. तिनेही एक बावीसच दाखवलं. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, दोष त्याचा. शेवटी ट्रॅकवरच्या ओळखीच्या अनिशने पुण्याहून तिसरं यंत्र भाड्याने मागवलं. रेषेजवळ एक खांब, गाडीला एक छोटी पेटी, मधे अदृश्य किरण. याला ना उपग्रह लागत होता, ना मोकळं आभाळ.

आणि आता यानेही एक बावीस दाखवलं होतं. खांब वाकडा बसला असेल, असं कृष्णकांत म्हणाले.

"सर," अनिश म्हणाला, "तिन्ही मशिनी काहून तुमच्यावर खार खाऊन राहतील?"

कृष्णकांतांचे कान तापले. ते गाडीत जाऊन बसले, हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. अजून एक फेरी. या वेळी शेवटच्या वळणाला ब्रेकला पायच लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

इंजिन सुरू झालं तशा प्रेमलताबाई भरभर चालत आल्या आणि खिडकीच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तुझ्या घड्याळात किती आले, कृष्णकांतांनी विचारलं. बाईंनी घड्याळ समोर धरलं. एक बावीस.

"मग वर्षभर मला कमी काहून सांगून राहिली होतीस?"

प्रेमलताबाईंनी घड्याळ परत गळ्यात सोडलं. मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला त्या खरीच वेळ सांगायच्या. ती ऐकली की यांचा चेहरा पडायचा आणि हे पुन्हा ट्रॅकवर जायचे, आधीपेक्षा जोरात. हिवाळ्यातल्या एका रविवारी असेच गेले आणि शेवटच्या वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरून टायरांच्या ढिगावर आदळली. हे हसत हसत बाहेर आले, क्लच ठीक आहे म्हणाले. बाई तिथेच मातीत बसून होत्या, घड्याळ चालूच होतं, ते बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी दोन सेकंद कमी सांगितले. हे खूश झाले, हेल्मेट काढलं आणि दोघं तर्री-पोहे खायला गेले.

"खरं सांगितलं की तुम्ही अजून एक फेरी मारता," त्या म्हणाल्या. "कमी सांगितलं की घरी येता."

कृष्णकांतांचा हात गिअरवर होता. इंजिन घरघरत होतं. त्यांनी समोरच्या वळणाकडे पाहिलं. तिथे टायरांचा ढीग होता. इतके रविवार त्यांनी तो कधी धड पाहिलाच नव्हता. पलीकडे अनिश उगाचच लॅपटॉपची धूळ पुसत होता.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पट्टा सोडला.

"परत एकदा सांग," ते म्हणाले. "आज किती आले?"

प्रेमलताबाईंनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

"आजवरचे सगळ्यात कमी," त्या म्हणाल्या. "चला."