राईची हजेरी

"रंगूआत्या, उरका लवकर. दिसभर खडी फोडून कंबर मोडलीया," भिमाजी म्हणाला.

रंगुबाई देवीच्या ओट्यावर नारळ घेऊन उभी होती. कर्जतजवळच्या या गावात चैत्रात, दिवस मावळताना, राईची हजेरी व्हायची. देवीच्या राईतलं एकेक झाड एकेका घराच्या राखणीला दिलेलं. रंगुबाईनं झाड पुकारायचं, त्या घरानं "हाय" म्हणायचं. लोकांची तोंडं देवीकडे, पाठ राईकडे. मान वळवायची नाही. राई दिसायची ती एकट्या रंगुबाईला.

औंदा तिला नुसते तोडलेले बुंधे दिसत होते. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. आधी गुरांसाठी पाला गेला, मग कोळशासाठी लाकूड. ज्यानं त्यानं आपापलं झाड गुपचूप तोडलं होतं.

"खोट्यावर नारळ कसा फोडू रे?" तिनं पुढ्यातल्या मुलाला हळूच विचारलं.

"फोड, आई," सूर्यभान पुटपुटला. "न्हाई फोडला तर पाऊस यायचा न्हाई म्हनत्यात. मानसं तेवढ्याच आशेवर हायती."

तिनं सूर धरला.

"गोजरबाईची चिंच?"

"हाय."

"भिमाजीचा करंज?"

"हाय."

"कमरुद्दीनचा लिंब?"

"हाय, आत्या."

शेवटी घरचं झाड आलं. "सूर्यभानाचा उंबर?"

सूर्यभाननं नजर स्वतःच्या पायांकडे वळवली. "हाय," तो म्हणाला.

हजेरी संपली की राईनं उत्तर द्यायचं. पानं सळसळली की मगच नारळ फोडायचा, अशी रीत. सगळे थांबले. वारा होता. धूळ उडून डोळ्यांत गेली. बाकी काही नाही.

कोणी हलेना. एक तान्हं रडू लागलं, तसं आईनं त्याला पदराखाली घेतलं.

मग गोजरबाईनं दातांतून हळूच हवा सोडली. शेजारणीनंही सोडली. भिमाजीनं, कमरुद्दीननं. पोरांना गंमत वाटली, तीही लागली. आवाज वाढत गेला, थेट पानांसारखा.

रंगुबाईनं डोळे मिटले आणि नारळ आपटला.

सगळ्यांची तोंडं एकदम बंद झाली.

सळसळ चालूच होती.

रंगुबाईनं डोळे उघडले. ती लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत राहिली. मान कोणीच वळवली नाही.

"आई," सूर्यभाननं विचारलं, "तुला काय दिसतंय?"