मॉलातली मेथी

नातीचा वाढदिवस म्हणून नवसाबाई तिला नाशिकच्या मॉलात घेऊन आली. तिथं काचेच्या हॉलात वाफे करून ‘एक दिवस शेतात’ असा खेळ मांडला होता. नवसाबाईनं मेथीला हात घालताच जीन्सवर फेटा बांधलेली मॅडम खेकसली, "ओ आजी, मुळासकट नाही उपटायची! कधी शेत पाहिलंय का?"

सगळे फिदीफिदी हसले. नातीनं मान खाली घातली, तसं नवसाबाईचं टाळकं सणकलं.

"चाळीस वर्सं मेथीच उपटते मी, बये!" म्हणत तिनं हिसका दिला. मातीतून अख्खी जुडीच वर आली, लुगड्याच्या लाल चिंधीनं बांधलेली.

नात किंचाळली, "आज्जे, ही तर आपण सकाळी मार्केटात विकलेली जुडी हाय!"