भिस्त्याच्या दारचे काटेचेंडू

जमीलनं पाण्याच्या कातडी मशकेचं तोंड सोडलं आणि सगळं पाणी अंगणात उरलेल्या एका झाडाच्या बुडाशी ओतलं. माती आधीच ओली होती. पाणी थोडा वेळ वर साचून राहिलं, मग हळूहळू खाली उतरलं.

"जमीलभाई, झाड जगवताय का बुडवताय?" शेजारची नवसाबाई कुंभारीण म्हणाली.

"पानं पिवळी पडलीत. तहानलंय ते."

"काल पण हेच म्हणालात. परवा पण हेच."

रिकामी मशक खांद्यावर टाकून जमील परत गढीचं टेकाड उतरू लागला. गोदावरी खाली होती आणि घर गढीच्या माथ्यावर.

त्याची बायको हाजरा जाऊन अडतीस दिवस झाले होते. तिनं अंगणात काटेचेंडूची सात झाडं लावली होती. रानातल्या काटेरी उतकटारीसारखीच ही जात, पण साहेबलोकांनी बंगल्यातल्या बागांसाठी विलायतेहून बी आणलेली. छातीएवढी उंची, पानापानाला काटे आणि टोकाला निळे गोल चेंडू. गढीवर माती मुरमाड आणि सावली कुठंच नाही. तरी झाडं चार वर्षं दरसाल फुलत होती.

जमील भिस्ती होता; भद्रकाली पेठेतल्या खाणावळींना आणि तांबटांच्या दुकानांना पाणी पुरवायचा. दिवसाला वीस-पंचवीस मशका व्हायच्या. शेवटची मशक घरची. हाजराला दमा होता. घागर घेऊन गढी चढणं तिला जमत नव्हतं.

"लोकांच्या बायका दारात मोगरा लावतात. तू काटे लावलेस," तो तिला चिडवायचा.

"मला हेच आवडतात," ती म्हणायची आणि कामाला लागायची.

त्या झाडांना त्यानं चार वर्षांत थेंबभर पाणी घातलं नव्हतं. तिनं कधी मागितलंही नव्हतं. तिला माती देऊन आला त्या दिवशी ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. साऱ्या गावाला पाणी पाजलं, पण तिच्या झाडांना नाही. दुसऱ्या दिवसापासून तो अंगणात रोज दोन मशका ओतू लागला. आठवड्यात एक झाड पिवळं पडलं, तेव्हा त्यानं तीन आणल्या. महिन्याभरात सहा झाडं गेली.

सातव्याला एक चेंडू धरला होता. अजून हिरवाच होता. परवा चाळिसावा. तोवर तो निळा झाला तर कबरीवर ठेवायचा, एवढंच जमीलच्या मनात होतं. तिच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाड कललेलं दिसलं. जमील तसाच गढीखाली चिमाजी माळ्याकडं गेला. चिमाजी दारात गुलाबाची कलमं करून विकायचा. दोघांची ओळख येताजाता रामराम करण्यापुरतीच होती. म्हातारा काही न विचारता काठी टेकत वर आला.

त्यानं झाडाचं खोड धरून जरा ओढलं. झाड अलगद हातात आलं. मूळ काळं पडलं होतं, बोटानं दाबलं तर दबत होतं. वास येत होता.

"कुजलं," चिमाजी म्हणाला. "पाणी घालत होता?"

"रोज. तीन मशका."

"अहो, याला पावसाचं पाणी वर्षभर पुरतं. वरून घातलं की मूळ सडतं. हाजराबीनं कधी सांगितलं नाही?"

"मी कधी विचारलं नाही." जमीलनं तो हिरवा चेंडू हातात घेतला. काटे लागले तरी त्यानं तो सोडला नाही. "तिला काट्यांचीच हौस होती."

चिमाजीनं त्याच्याकडं पाहिलं. मग झाड खाली ठेवून तो दगडावर बसला.

"काट्यांची कसली हौस, जमीलभाई. ती माझ्याकडं गुलाब न्यायला आली होती. गुलाबाची कुंडी उचललीसुद्धा. मग विचारलं, याला पाणी किती लागतं. मी म्हटलं, उन्हाळ्यात रोजची एक घागर. तर तिनं कुंडी खाली ठेवली. म्हणाली, बिनपाण्याचं काही असेल तर द्या. म्हणून ही काटेचेंडूची रोपं दिली."

चिमाजीनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"मी थट्टा केली तिची. म्हटलं, भिस्त्याच्या घरात पाण्याला काय तोटा? तर म्हणाली, 'पाणी वर आणणारं माणूस एकच आहे, बाबा. त्यांची पाठ रोज मी शेकते.'"