गालांवर अडलेला मास्क

मोहालीच्या सतपालजींचा मास्क आज काही केल्या बसेना. रेडिएशन घेताना डोकं तसूभरही हलू नये म्हणून त्यांच्याच चेहऱ्यावर घडवलेला तो जाळीचा मास्क महिनाभर टेबलाला अलगद अडकत होता. आज टेक्निशियन अबोलीने दोनदा दाबला, तरी गालांवर अडला. चेहऱ्याला सूज असेल तर आजचं रेडिएशन थांबवा, डॉक्टरांना बोलवा, पुन्हा स्कॅन करा! मास्क काढून तिने चाचरत विचारलं, "बाऊजी, कहीं दर्द है?"

"ना पुत्तर," सतपालजी म्हणाले, "आज सुबह पोती हुई है."



नऊ वर्षांच्या नोकरीत अबोलीला पहिल्यांदाच एखाद्या पेशंटला सांगावं लागलं, "बाऊजी, बस दस मिनट हँसना मत!"