येतो

आत्म्यांना वाटेला लावणं हे माझं काम. शेजारी चेष्टेनं मला 'वाट लावणारी' म्हणतात. एका घरी मला बोलावलं होतं; तिथली कडी रोज संध्याकाळी बाहेरून वाजायची. कारखान्यातल्या आगीत जळून गेलेला मुलगा ड्यूटी सुटायच्या वेळेला दारात यायचा. मी त्याच्या आईला विचारलं, "ताई, त्या दिवशी निघताना तो काय म्हणाला?" "'येतो' म्हणाला. 'जातो' म्हणू नये, मीच शिकवलंय लहानपणापासून." "म्हणून येतोय बिचारा. आणि प्रत्येक वेळी जळतच येतो. आज तुम्ही स्वतःच्या तोंडानं त्याला 'जा' म्हणा." कडी वाजली. फटीतून करपट वास आत आला. ती दाराला कपाळ टेकून कसंबसं म्हणाली, "जा, बाळा." कडी थांबली. वास विरला. मी समाधानानं चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात जन्मभराच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "लवकर ये हं." बाहेरून कडी वाजली.